साडेआठची विचारपूस

आमच्या घरात सूर्य मावळला की चूल बंद. आम्ही मगदूम, जैन. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला रात्री अन्न न घेण्याचा नियम दिला आणि तो मी आजतागायत मोडलेला नाही. थंडीत सहाला आणि उन्हाळ्यात फार तर सातला आमची भांडी घासून पालथी पडलेली असतात. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत हे भाजीवालीलाही माहीत आहे.

तरीही गेली पाच वर्षं रोज रात्री ठीक साडेआठला माझा नवरा मला विचारत होता, "तू जेवलीस का?"

आणि मी, त्रिशला धनपाल मगदूम, वय अठ्ठावन्न, डोकं शाबूत असलेली बाई, रोज विरघळत होते. "झालं की माझं," म्हणायचे आणि मनातल्या मनात पुढचा दिवसभर ते वाक्य चघळत राहायचे.

का, ते सांगते. हे यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करून, जुळवून देणारा माणूस. नव्वद माग एकदम खडखडत असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणं ओरडायचं म्हणजे शिवीनं सुरुवात करायची. ती सवय शेडमधून घरी आली ती घरचीच झाली. आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. लग्नानंतरच्या तीस वर्षांत, मी जेवले की उपाशी आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या पद्मजानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तेव्हा "आजपासून तू मला मेलीस" म्हणून दोघांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. ती हुबळीला गेली. नऊ वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं.

मग त्यांना झटका आला.

डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. डावीकडचा, आवळ्याएवढा भाग गेला होता. आपल्याला काय म्हणायचंय हे मेंदूत एके ठिकाणी तयार होतं, त्याचे शब्द दुसऱ्या ठिकाणी जुळतात आणि जिभेला हुकूम तिसरीकडून सुटतो, असं ते म्हणाले. यांचं मधलं ठिकाण संपलं होतं. म्हणणं आत शिल्लक होतं, शब्द नव्हते. आपण बोललेलंसुद्धा त्यांना नुसता गलका वाटायचा. उजवा हात लुळा पडला होता, तो वेगळाच.

यावर तेव्हा नुकताच उपाय निघाला होता: वाचासेतू. मेंदूवर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक बारीक जाळी बसवतात, कानामागं चपटी डबी आणि शर्टाच्या कॉलरखाली बटणाएवढा स्पीकर. जाळी आतल्या म्हणण्याचे विजेचे संकेत टिपते, डबी त्यांचे शब्द जुळवते आणि कॉलरमधून ते माणसाच्याच जुन्या आवाजात बाहेर पडतात. यांचा आवाज माझ्या मोबाइलमधल्या जुन्या मेसेजवरून बनवला होता. समोरचा काय बोलतो ते उलट वाटेनं आत पोचवण्याचं कामही डबीच करते. म्हणजे डबी चालू तर माणूस बोलता आणि समजता. बंद तर दोन्ही नाही.

पण संकेत पूर्ण कधीच येत नाहीत. शंभरातले साठ येतात, बाकीचे गळतात. मधली भोकं डबी स्वतः भरते. कशानं भरायची ते बसवतानाच तिला सांगावं लागतं. माणूस बडबड्या होता की मोजकं बोलणारा, शिव्या येऊ द्यायच्या की गाळायच्या, कुणाला काय म्हणून हाक मारायचा, किती वाजता काय बोलायचा, असे एकशे शहाऐंशी प्रश्न प्रणाली बसता बसता विचारत जाते आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकत नाही.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा आम्ही शिबिराला गेलो होतो. दोन दिवसांत त्रेचाळीस पेशंट उरकले. मला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री साडेआठला कॉलरमधून आवाज आला, "तू जेवलीस का?" मी मोरीजवळ उभी होते. तिथंच पायरीवर बसून रडले.

महिनाभरानं मी पद्मजाला फोन लावला आणि यांच्या कानाला लावला. ती तिकडून रागानंच काहीतरी बोलली असणार. हे म्हणाले, "माझं चुकलं, बाळा." पद्मजा त्यांना कायम 'पदी' होती, बाळा कधीच नव्हती, पण नऊ वर्षांनी बापाकडून माफी मिळाल्यावर कोण असल्या गोष्टी बघत बसतं? तेव्हापासून तिचा दर रविवारी फोन येऊ लागला. आता येत्या रविवारी ती तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन घरी येणार होती. चौदा वर्षांनी ती आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार होती.

शंका यायला जागा भरपूर होती. यांची भाषा जरा पुस्तकी झाली होती. मी म्हटलं, मशीनची असेल. आमच्या घरात साडेआठला जेवणाची चौकशी म्हणजे विचित्रच; मी म्हटलं, झटक्यानं वेळेचं भान गेलं असेल. ते विचारून झालं की हे डाव्या हातानं कॉलर ओरबाडत बसायचे. मी म्हटलं, कापड टोचत असेल, आणि शोधून शोधून मऊ सुती शर्ट आणले. बाईला एखादी गोष्ट मनापासून हवी असली की तिला कारणं बरोबर सुचतात.

गेल्या महिन्यात केंद्राचा निरोप आला. वाचासेतूची जुनी आवृत्ती बंद होणार होती, सगळ्यांनी येऊन नवी बसवून घ्यायची होती. बुधवारी सकाळी मी यांना घेऊन सांगली रोडवरच्या केंद्रात गेले. डबी काढून घेऊन यांना आत नेलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

बाकावर शिरोळच्या नलिनीबाई पोवार होत्या. त्यांचा नवरा साखर कारखान्यात ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, आमच्याच शिबिरात त्यालाही डबी बसली होती. बाई बोलक्या. दोन मिनिटांत त्यांनी माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"तुमचं मालक कसं हाईत, वैनी?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. खूप बदललेत."

"आमचं तर देवमाणूस झाल्यात बघा. आदी नुसता जमदग्नी. काय सांगू, माझ्या अंगावर कोयता घिऊन धावलेला माणूस ह्यो. आन् आता? रोज रात्री मला इचारत्यात, तू जेवलीस का. मी म्होरं बसून जेवत असतोय, घास तोंडात असतोय, तरी बी इचारत्यात!"

त्या खदखदून हसल्या. माझ्या हातातला लाडू तसाच राहिला.

"किती वाजता विचारतात?"

"साडेआठला. घड्याळ लावून घ्यावं. आन् जरा मी चिडलो की म्हणत्यात, माझं चुकलं, बाळा. ह्या वयात मला बाळा म्हणत्यात ओ! सुना हसत्यात."

मी हसले नाही. मी त्या बाईच्या तोंडाकडं बघत राहिले. मला तिचा राग आला होता, अगदी नाहक. माझ्या कपाटात जपून ठेवलेलं लुगडं हिच्या अंगावर दिसावं, तसं झालं होतं.

तेवढ्यात आतून हाक आली, "मगदूम काकू, या."

आत तबस्सुम मुल्ला नावाची टेक्निशियन होती. तिशीची असेल, चेहरा थकलेला. हे मागं कलणाऱ्या खुर्चीत होते. डोक्याला तारा लावल्या होत्या, डोळे उघडे होते, पण माझ्याकडं बघूनही त्यात काही हललं नाही. डबी टेबलावर होती आणि पडद्यावर ओळी वर सरकत होत्या.

"काकू, नव्या नियमानं महत्त्वाचे प्रश्न घरच्या माणसालाच विचारायचे," ती म्हणाली. "पेशंटला विचारता येत नाही. बसवताना सेतू बंद असतो, त्यांना प्रश्न समजणारच नाही."

"मग आधी का नाही विचारलं? डबी चालू असताना?"

"आधी माहीत नसतात. जुन्या फाईलमध्ये काय सापडतं त्यावरून प्रणाली प्रश्न काढते. एकेका प्रश्नाला दहा मिनिटं थांबते. नव्या आवृत्तीत उत्तर दिलं नाही तर तिचं ठरलेलं उत्तर घेऊन पुढं जाते. एकाच प्रश्नावर त्याहून जास्त वेळ तारा अडकवून ठेवता येत नाहीत."

सुरुवातीचे प्रश्न किरकोळ होते. डबी कोणत्या कानामागं? घरात कोण कोण? यांच्या बोलण्यातल्या शिव्या गाळायच्या, सौम्य करायच्या की आहेत तशा येऊ द्यायच्या? त्याला मी "सौम्य" म्हटलं. थोडी चव राहू दे. तबस्सुम गालात हसली. सातव्या प्रश्नाला मात्र तिचं बोट बटणावरच थांबलं. तिनं पडदा माझ्याकडं वळवला.

"जुन्या फाईलमध्ये एकोणीस तयार वाक्ये आढळली. ही वाक्ये रुग्णाच्या संकेतांतून आलेली नाहीत. नव्या आवृत्तीत ठेवायची की काढायची? उत्तर न आल्यास वाक्ये ठेवली जातील."

खाली यादी होती. पहिली ओळ: रात्री ८.३०, तू जेवलीस का? त्याखाली: समोरची व्यक्ती रागावल्यास, माझं चुकलं, बाळा. निरोप घेताना, सावकाश जा. कुणी खोकल्यास, अंगावर काढू नको. मी एकेक वाचत गेले. गेल्या पाच वर्षांतलं माझं सगळं सुख त्या एकोणीस ओळींत मावलं होतं.

"कुणाची आहेत ही?" मी विचारलं.

तबस्सुमनं पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही, परत लावली. "घाटगे गुरुजींची. गडहिंग्लजचे. शिबिरातले पहिले पेशंट. त्यांच्या मिसेसनी अडीच तास बसून सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. गुरुजी कधी काय म्हणायचे, अगदी वेळेसकट. मी तेव्हा ट्रेनिंगला होते, काकू. बाहेर बेचाळीस जण बसलेले. प्रत्येकाचे एकशे शहाऐंशी प्रश्न विचारत बसले असते तर महिना लागला असता. प्रणालीत 'न विचारता बसवा' असा पर्याय असतो. सोबत उत्तरांची एक फाईल जोडली की ती कुणाला काही विचारत नाही. मी गुरुजींची फाईल सगळ्यांना जोडली. नावं आणि आवाज बदलले, बाकी तसंच. वाटलं, चांगल्या माणसाची उत्तरं आहेत, कुणाचं काय वाईट होणार?"

"म्हणजे तू केलंस हे."

"हो. मीच केलं."

ती रडली असती तर मला बरं पडलं असतं. एखादी सणसणीत ठेवून दिली असती. पण ती खाली मान घालून उभी राहिली, आणि पडद्यावर आठच मिनिटं उरली होती.

"गुरुजी कसे आहेत आता?"

"वारले. दोन वर्षं झाली."

म्हणजे तो माणूस गेला होता आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या बेचाळीस घरांत साडेआठच्या ठोक्याला अजून आपल्या बायकोची विचारपूस करत होता. माझ्या वाट्याला आलेली माया गडहिंग्लजच्या एका बाईची होती. मी ती पाच वर्षं माझी म्हणून खाल्ली.

"यांच्या आत काहीच नव्हतं का?" मी विचारलं. आवाज चढला होता. "ते बोलायचे तेव्हा आतून काही यायचं का नाही? जाळीत उमटतं ना सगळं?"

तिनं जुनी नोंद काढली. पडद्यावर अठराशे रात्रींच्या रेघा आल्या. बऱ्याचशा रेघा साडेआठच्या सुमाराला सपाट होत्या, पण काहींवर उंचवटा होता.

"हे बघा, काहीतरी आहे," ती म्हणाली. "पण काकू, हे वाक्याच्या आधी नाही. वाक्य झाल्यावर येतंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते वाक्य ऐकून त्यांच्या मनात काहीतरी उठायचं. काय, ते मला वाचता येत नाही. हसू असेल. राग असेल. काहीही असेल."

"आणि पुढं वाटलं तर हे परत बदलता येईल?"

"दोन वर्षं तरी नाही. उत्तरांप्रमाणंच जाळी जुळवतात. वरचेवर जुळवली तर मेंदूला सूज येते, डॉक्टर परवानगी देत नाहीत."

सहा मिनिटं.

काही न करणं सगळ्यात सोपं होतं. मी गप्प बसले असते तर वाक्यं राहिली असती, रविवारी पद्मजा आली असती, नातीनं आजोबाला मिठी मारली असती, कॉलर 'बाळा' म्हणाली असती आणि घर भरलं असतं. मला एवढंच करायचं होतं की सहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. तीस वर्षं मी तेच तर केलं होतं.

मी खुर्चीजवळ गेले. यांच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हटलं, "अहो, काय करू? ठेवू का काढू?" त्यांना फक्त आवाज ऐकू आला असणार. मी पडद्याकडं बोट केलं, तर ते माझ्या बोटाकडं बघायला लागले. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि नेहमीसारखा कॉलरशी नेला. तिथं स्पीकर नव्हता, तो टेबलावर होता. तरी ते नखांनी कापड ओरबाडत राहिले. गळ्यावर जुने ओरखडे होते. मऊ शर्टाखालचे ते ओरखडे रोज अंघोळ घालताना मला दिसत होते आणि मी त्यांना खोबरेल तेल लावत होते.

"काढ," मी म्हटलं.

"काकू, अजून साडेचार मिनिटं आहेत. विचार करा."

"काढ म्हटलं ना. सगळी काढ."

हे मी शहाणपणानं केलं, त्यांच्यावरच्या दयेनं केलं, असं सांगायला मला आवडेल. थोडी दया होती. पण निम्मा तरी संताप होता, त्या तबस्सुमवरचा, नलिनीबाईंच्या लाडवावरचा आणि त्या मेलेल्या सज्जन माणसावरचा. तबस्सुमनं बटण दाबलं. एकोणीस ओळी पडद्यावरून एकदम गेल्या आणि प्रणाली लगेच आठवा प्रश्न विचारायला लागली: आवाजाची पट्टी किती ठेवायची?

दुपारी दोनला यांना बाहेरच्या व्हरांड्यात आणून बसवलं. नवी डबी कानामागं, स्पीकर कॉलरखाली, डाव्या हातात काठी. तबस्सुम म्हणाली होती की आता भोकं भरली जाणार नाहीत, त्यामुळं शब्द कमी येतील, थांबून थांबून येतील. पण येतील ते त्यांचेच. नलिनीबाईंचा नंबर लागला होता, बाक रिकामा होता. मी यांच्याशेजारी बसले. शिवी येईल म्हणून मी तयारीत होते. खरं सांगायचं तर शिवी आली असती तर मी तिलाही ओळखीची म्हणून जवळ घेतलं असतं.

बऱ्याच वेळानं कॉलरमधून आवाज आला. "गेला?"

"कोण?"

"त्यो." मोठी फट. "बोलायचा. माझ्यात."

"तुम्हाला कळायचं? इतकी वर्षं?"

"कळायचं की." परत फट. "रोज."

"मग सांगितलं का नाही ओ मला?" हे मी विचारलं आणि विचारतानाच मला माझी लाज वाटली. सांगणार कशानं होते?

ते माझ्याकडं नाही, समोरच्या रस्त्याकडं बघत होते. शब्द एकेक करून येत होते. "सांगायला गेलो. दोनदा. तर... त्योच बोलला."

मी त्या दोन वेळा आठवायचा प्रयत्न केला, पण आठवेनात. कधीतरी हे माझा दंड घट्ट धरून थरथरत होते आणि कॉलर म्हणाली असेल, सावकाश जा, किंवा अंगावर काढू नको. आणि मी कौतुकानं त्यांच्या पाठीवर हात फिरवला असेल. माणूस स्वतःच्या तोंडाच्या मागं कोंडला होता आणि मी दाराला तोरणं लावत होते.

"मग?" मी विचारलं.

"मग तू हसलीस."

"हसले?"

"तुला... बरं वाटायचं." आता फार वेळ लागला. समोरून दोन रिक्षा गेल्या. "म्हणून दिलं राहू."

मी पदर तोंडात कोंबला. तीस वर्षांत आणि त्यानंतरच्या पाचात या माणसानं मला दिलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती मला मी काढून टाकल्यावर कळली. मी त्यांच्या लुळ्या हातावर हात ठेवला. त्यात काही जोर नव्हता, पण त्यांनी तो काढून घ्यायचाही प्रयत्न केला नाही.

थोडं सावरल्यावर मी हळूच विचारलं, "आणि पदी? तिला माझं चुकलं म्हणाला होता, ते?"

"मी न्हाई."

"ते कळलं मला. पण आता म्हणाल ना? येणार आहे ती रविवारी. नातीला घेऊन."

जबडा आवळला गेला. तो जबडा मी तीस वर्षं ओळखत होते. ताट भिंतीवर जायच्या आधी तो असाच आवळायचा.

"तिनं... ऐकलं न्हाई माझं."

"चौदा वर्षं झाली ओ त्याला."

"मी न्हाई म्हणणार."

एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ आला. यात डबीनं काहीही भरलं नव्हतं. आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला. पद्मजा होती. काम झालं की फोन कर म्हणून सांगितलं होतं, तिच्यानं दम निघाला नव्हता.

"आई, झालं का गं? नीट बसली का नवीन?"

"बसली."

"दे की मग अप्पांना. ही ऐकायला थांबलीय. रविवारची तिकिटं काढल्यापासून एकच लावलंय, आजोबा मला पण बाळा म्हणणार का म्हणून."

मी फोन यांच्या कानाला लावला. दुसरं काय करणार होते? तिकडून पद्मजा म्हणाली, "अप्पा?" मग बारीक आवाजात कुणीतरी, "आजोबा?" हे ऐकत होते, कळत होतं त्यांना, डोळे हलले होते. कॉलरमधून काही आलं नाही.

"अप्पा, ऐकू येतंय का? अप्पा, काहीतरी बोला की. रागावलाय का?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. एक शब्द, फक्त एक, कुठलाही. आतमध्ये तो होता की नाही, आणि असला तर यायला वाट मिळत नव्हती की हेच त्याला अडवून बसले होते, हे सांगायला आता कुठलीच रेघ माझ्यासमोर नव्हती.

"आई, काय झालं? का बोलेनात ते?" पद्मजाचा आवाज बदलला. चौदा वर्षांपूर्वी उंबऱ्यावर बदलला होता तसाच. "आम्ही येऊ नको का?"

मी फोन माझ्याकडं घेतला.

"अगं बोलतायत की," मी म्हटलं. "नवीन आहे ना, आवाज अजून बारीक येतोय. तुला ऐकू येत नसेल. या म्हणतायत. वाट बघतोय म्हणतायत."

"खरंच? असं म्हणाले?"

"तर. आणि नातीला काय आवडतं ते विचारतायत. करून ठेव म्हणतायत मला."

तिकडं पद्मजा रडायला लागली, लेकीला सांगायला लागली. यांच्या हातातली काठी फरशीवर पडली. त्यांनी तो मोकळा झालेला डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर धरायला पुढं आणला. मी जरा बाजूला सरकून बसले आणि पद्मजाला सांगत राहिले.